बिनगिअरच्या स्कूटरचे गिअर : पिकअप हवा की ॲव्हरेज?

गाडीबद्दल आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात. घरचे विचारतात, "ॲव्हरेज किती देते?" आणि मित्र विचारतात, "पिकअप कसा आहे?" टाकी कोणाच्या पैशाने भरली जाते यावर प्रश्न ठरतो, एवढंच! गंमत म्हणजे बिनगिअरच्या स्कूटरमध्ये या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी दडलेली आहेत. ते ठिकाण म्हणजे इंजिनच्या डाव्या बाजूचे लांबट कव्हर.

गॅरेजमध्ये हमखास ऐकू येणारे वाक्य असे : "भाऊ, हलके रोलर टाकून घ्या, पिकअप पण वाढेल आणि ॲव्हरेज पण." आता दोन्ही गोष्टी एकदम फुकटात मिळत असतील, तर कंपनीतले इंजिनिअर काय झोपले होते का? हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला, कारण तो माझ्या रोजच्या रस्त्याचाही प्रश्न होता. माझी घरची स्कूटर ११० सीसीची, बरीच पळालेली. घर ते कॉलेज १४ किलोमीटर, मागे धाकटी बहीण, वाटेत एक लांब चढ आणि एक हायवे क्रॉसिंग. सिग्नल नसलेल्या क्रॉसिंगवर डबल सीट असताना गाडी जागची उचलली नाही तर काय होऊ शकते, हे वेगळे सांगायला नको. आणि महिन्याचे पेट्रोलचे पैसे मोजूनच मिळतात. म्हणजे मला पिकअपही हवा होता आणि ॲव्हरेजही. म्हणून म्हटलं, एकदा नीट समजून घेऊ. जे समजलं ते तुमच्यासमोर मांडतो.

डाव्या कव्हरच्या आत काय आहे?

आत दोन पुली आणि एक व्ही आकाराचा रबरी पट्टा आहे. पुढची पुली थेट क्रँकशाफ्टवर बसते, तिला व्हेरिएटर म्हणतात. मागची पुली मागच्या चाकाजवळ असते आणि तिच्याबरोबर क्लच असतो. क्लचनंतर एक ठराविक रिडक्शन गिअर आणि मग चाक. प्रत्येक पुली ही दोन तिरक्या तबकड्यांची बनलेली असते. त्यातली एक स्थिर, दुसरी सरकणारी. तबकड्या जवळ आल्या की पट्टा बाहेरच्या बाजूला चढतो, लांब गेल्या की आत उतरतो. पट्ट्याची लांबी बदलत नाही, त्यामुळे पुढे पट्टा चढला की मागे तो आत उतरलाच पाहिजे. झालं! पुढे लहान आणि मागे मोठा व्यास म्हणजे पहिला गिअर. पुढे मोठा आणि मागे लहान म्हणजे टॉप गिअर. मधले गिअर मोजायचेच नाहीत, ते अगणित आहेत.

ही कल्पना काही आजची नाही. हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये हुब व्हान डोर्न यांची 'व्हॅरिओमॅटिक' ही पट्ट्यावर चालणारी पद्धत चक्क मोटारीत आणली होती. आपल्याकडे ती घरोघरी पोचवली कायनेटिक होंडाने. कायनेटिक आणि होंडा यांची ही भागीदारी १९८४ ते १९९८ अशी चालली. बटण दाबून चालू होणारी, गिअर नसलेली ती टू-स्ट्रोक स्कूटर आपल्यापैकी अनेकांच्या आई-मावशीने चालवली असेल. तिच्यातल्या आणि आजच्या पेट्रोल स्कूटरमधल्या ट्रान्समिशनचे मूळ तत्त्व एकच आहे.

आता प्रश्न असा, की पुढच्या तबकड्या जवळ आणतं कोण? रोलर! सरकणाऱ्या तबकडीच्या पाठीमागे तिरक्या खाचा असतात आणि त्यात बहुतेक गाड्यांत सहा छोटे रोलर ठेवलेले असतात. इंजिन जोरात फिरलं की अपकेंद्री बलाने रोलर बाहेर पळतात, खाचेच्या उतारावर चढतात आणि तबकडीला पट्ट्याकडे ढकलतात. मागच्या पुलीवरची मोठी स्प्रिंग याच्या उलट काम करते, ती पट्ट्याला मागे बाहेरच राहायला सांगते. रोलर म्हणतात "टॉपला चल", स्प्रिंग म्हणते "पहिल्यातच राहा". या रस्सीखेचीतून गिअर ठरतो.

आणखी एक हुशार भाग मागच्या पुलीत असतो, तो म्हणजे टॉर्क कॅम. चढ लागला किंवा तुम्ही एकदम रेस दिली की पट्ट्यावर ताण येतो. तिरक्या खाचांतल्या पिनांमुळे मागची पुली आणखी घट्ट मिटते आणि पट्टा पुन्हा खालच्या गिअरकडे जातो. गिअरच्या गाडीवर आपण चढावर जो गिअर पाडतो, तोच हा कॅम आपल्यासाठी पाडतो.

सपाट रेघ : सगळा खेळ इथे आहे

एक ग्राफ डोळ्यांसमोर आणा. आडव्या अक्षावर गाडीचा वेग, उभ्या अक्षावर इंजिनचे आरपीएम. फुल रेस देऊन निघालात असं समजा.

पहिल्या भागात क्लच घसरत घसरत पकडतो. दुसऱ्या भागात पट्टा पहिल्या गिअरमध्येच असतो आणि वेगाबरोबर आरपीएम तिरप्या रेघेत वाढतात. तिसऱ्या भागात रोलरचे बल स्प्रिंगला भारी पडू लागते. आता वेग वाढतो, गिअर बदलत जातो, पण आरपीएम जवळपास जागेवर! ही ती सपाट रेघ. चौथ्या भागात पट्टा टॉपला पोचलेला असतो, पुढे सरकायला जागा नसते, म्हणून आरपीएम पुन्हा तिरप्या रेघेत वाढतात.

रोलरचे वजन बदललं की बदलते ती फक्त ही सपाट रेघ. हलके रोलर टाकले की ती वर जाते, जड टाकले की खाली येते. बाकी ट्यूनिंगच्या नावाखाली जे काही सांगितलं जातं, ते आधी या ग्राफवर कुठे बसतं ते विचारा. निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

रेघ कुठे असावी? ११० सीसीच्या अनेक स्कूटरच्या माहितीपत्रकात कमाल टॉर्क ५००० ते ५५०० आरपीएमच्या आसपास आणि कमाल पॉवर ६५०० ते ८००० च्या दरम्यान दिलेली असते. प्रवेग ठरवते चाकापर्यंत पोचणारी पॉवर. म्हणजे नुसता पिकअप हवा असेल तर रेघ कमाल पॉवरच्या जवळ न्यावी. आणि पेट्रोल वाचवायचं असेल तर ती खाली ठेवावी. कंपनी मधला मार्ग काढते. झोपलेलं कोणी नव्हतं!

थोडे गणित (घाबरू नका)

अपकेंद्री बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्रिज्या गुणिले कोनीय वेगाचा वर्ग. माझ्या गाडीतले रोलर प्रत्येकी १३ ग्रॅमचे. सहा मिळून ७८ ग्रॅम. ते ३० मिलिमीटर त्रिज्येवर ५५०० आरपीएमने फिरतात असं धरलं तर बल येतं सुमारे ७७६ न्यूटन. म्हणजे ७९ किलोच्या माणसाच्या वजनाएवढं! मूठभर रोलर पण स्वतःच्या वजनाच्या हजारपट जोर लावतात.

आता मागची स्प्रिंग तीच ठेवली, तर गिअर बदलायला लागणारे बल साधारण तेवढेच राहते. मग रोलर हलके केल्यावर तेच बल मिळवायला आरपीएम वाढवावे लागतात आणि ते वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढतात. १३ ऐवजी ११ ग्रॅमचे रोलर टाकले तर १३ भागिले ११, त्याचे वर्गमूळ १.०८७. म्हणजे ५५०० ची रेघ ५९८० च्या आसपास जाईल. कागदावर दोन मिनिटांत निघणारे हे उत्तर आहे. "थोडे हलके टाकून बघू" असं म्हणून तीन वेळा गाडी उघडण्यापेक्षा हे बरं.

फार हलके रोलर टाकले तर आणखी एक गोष्ट होते. पट्टा पूर्ण टॉपपर्यंत ढकललाच जात नाही. मग गाडी ओरडते खूप, पण वेग वाढत नाही. आमच्या वर्गातल्या एकाच्या गाडीचे असेच झाले होते. आवाजावरून वाटायचं विमान येतंय, आणि यायचा हा!

मग ॲव्हरेजचे काय?

ताशी ४० किलोमीटरने सपाट रस्त्यावर जायला जेवढी पॉवर लागते तेवढी लागतेच. रोलर कुठलेही असोत. फरक असा, की तीच पॉवर इंजिन कमी आरपीएमवर थ्रॉटल जास्त उघडून देऊ शकते, किंवा जास्त आरपीएमवर थ्रॉटल कमी उघडून. दुसऱ्या प्रकारात पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगचे घर्षण वाढते, शिवाय अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून हवा ओढण्यातच इंजिनची ताकद जाते. म्हणून रेघ वर गेली की गावातल्या वेगाला पेट्रोल जास्त जळते. टॉर्क कॅममुळे हलक्या रेसला रेघ थोडी खाली येते हे खरं, पण हलक्या रोलरचा परिणाम तिथेही राहतोच.

याउलट, पट्टा एकदा टॉपला पोचला की रोलरच्या वजनाचा फारसा प्रश्न उरत नाही. त्यामुळे मोकळ्या रस्त्यावर एका चालीत जाणाऱ्याला हलक्या रोलरचा तोटा कमी जाणवेल, आणि सिग्नल-टू-सिग्नल जाणाऱ्याला जास्त. "माझ्या ॲव्हरेजमध्ये काहीच फरक पडला नाही" आणि "माझं ॲव्हरेज पार झोपलं" असं सांगणारे दोघेही खरं बोलत असू शकतात!

तर मग जड रोलर टाकून ॲव्हरेज वाढवायचं का? सपाट रस्त्यावर एकट्याने हळू जाणाऱ्याला थोडा फायदा होईल. पण डबल सीट चढावर इंजिन दबून चालेल, आपण मूठ जास्त पिळणार, आणि वाचलेलं पेट्रोल तिथेच जाणार.

दोन स्प्रिंगा, दोन सापळे

मागची मोठी स्प्रिंग कडक टाकली तर रेघ वर जाते आणि गिअर लवकर पडतो. पण पट्टा जास्त दाबला जातो, तापतो आणि झिजतो. पट्टा घसरू नये एवढाच जोर स्प्रिंगने द्यावा. रेघ हलवायचे काम रोलरचे आहे, ते त्यांनाच करू द्या.

क्लचच्या छोट्या स्प्रिंगा कडक टाकल्या तर क्लच जास्त आरपीएमवर पकडतो, गाडी उडी मारून निघते. रेससाठी ठीक. पण ट्रॅफिकमध्ये रांगत जाताना क्लच सतत घसरत राहतो, शू आणि ड्रम तापतात आणि पेट्रोल उष्णतेत जाते. शिवाय घाट उतरताना एक धोका आहे. क्लच जसा जास्त आरपीएमवर पकडतो, तसा तो जास्त आरपीएमवरच सुटतो. सुटला की इंजिनचा ब्रेक गेला, सगळा भार ब्रेक लायनरवर! घाटात राहणाऱ्यांनी या स्प्रिंगांच्या नादी लागू नये.

ज्याकडे कोणी बघत नाही : पट्ट्याची रुंदी

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पट्टा तुटेपर्यंत तो चांगलाच आहे असं आपण समजतो. पण पट्टा कडेने झिजतो, म्हणजे अरुंद होतो. अरुंद पट्टा पुलीत खोल बसतो. पुलीचा उतार १४ अंश धरला, तर पट्टा १ मिलिमीटर अरुंद झाल्यावर तो जवळपास २ मिलिमीटर आत जातो. टॉपला पुढच्या पुलीवर त्रिज्या ४५ मिलिमीटर धरली तर हा फरक चार टक्क्यांहून जास्त झाला. वर पुढे सैल पडलेला पट्टा मागची स्प्रिंग बाहेर खेचून घेते, त्यामुळे टॉप गिअर आणखी खाली येतो. त्याच वेगाला इंजिन जास्त फिरते, ॲव्हरेज गेलं!

तोच पट्टा पहिल्या गिअरमध्ये मागच्या पुलीवर पूर्ण बाहेर पोचत नाही, तिथेही आत बसतो. म्हणजे पहिला गिअर हवा तेवढा 'पहिला' राहत नाही. पिकअपही गेला! एकाच झिजेने ग्राफची दोन्ही टोके बिघडतात.

रोलरही असेच. घासून त्यांची एक बाजू चपटी होते. मग ते गडगडत नाहीत, घसरत सरकतात आणि मध्येच अडकतात. सपाट रेघ सपाट राहत नाही. म्हणजे पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही एकदम वाढवणारा एक उपाय खरोखर आहे, पण तो 'मॉडिफिकेशन' नाही. झिजलेले भाग मूळ मापाचे बसवणे, एवढाच तो आहे.

माझ्या स्कूटरवर केलेली मोजणी

आपल्या स्कूटरला आरपीएमचा काटा नाही. पण प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. फोर-स्ट्रोक, एक सिलिंडरच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो. म्हणून आवाजाची मूळ वारंवारता हर्ट्झमध्ये मोजून १२० ने गुणली की आरपीएम मिळतात. फोन सीटखालच्या डिकीत कापडात गुंडाळून ठेवला, रेकॉर्डिंग केलं आणि नंतर कॉम्प्युटरवर स्पेक्ट्रम काढला. रिकामा रस्ता, हेल्मेट, तोच मागे बसणारा मित्र, टायरमध्ये स्टिकरवर लिहिलेली हवा. ॲव्हरेज प्रत्येक वेळी तीन टाक्यांवर, फुल ते फुल.

सुरुवातीला, जुना पट्टा आणि चपटे रोलर असताना, सपाट रेघ ४४ ते ४८ हर्ट्झमध्ये डुलत होती. डबल सीट शून्य ते ४० ला ८ सेकंद, ॲव्हरेज ४२.

नवा पट्टा आणि मूळ १३ ग्रॅमचे नवे रोलर टाकल्यावर रेघ ४६ हर्ट्झवर, म्हणजे ५५२० आरपीएमवर, स्थिर झाली. वेळ ७ सेकंद, ॲव्हरेज ४५.

मग प्रयोग म्हणून ११ ग्रॅमचे रोलर. रेघ ५० हर्ट्झ, म्हणजे ६०००. गणिताने ५९८० सांगितले होते! वेळ साडेसहा सेकंद, ॲव्हरेज ४३.

आता हायवे क्रॉसिंगचा विचार करा. तिथे जागेवरून निघून पंधरा-वीस मीटर पार करायचे असतात. त्या अंतराच्या सुरुवातीला गाडी ग्राफच्या पहिल्या दोन भागांतच असते, सपाट रेघ त्यानंतर सुरू होते. म्हणजे जिथे जीव अडकलेला असतो तिथे रोलरच्या वजनापेक्षा क्लचची पकड आणि पट्ट्याची रुंदी महत्त्वाची! हे पटल्यावर मी १३ ग्रॅमचे रोलर परत बसवले. रोज डबल सीट लांब घाट चढणाऱ्याने ११ किंवा १२ ग्रॅम ठेवले तर त्याचा निर्णयही बरोबरच. फक्त किंमत माहीत असावी.

उघडताना एवढं सांभाळा

गाडी वॉरंटीत असेल तर हात लावू नका. पहिल्यांदा करत असाल तर ओळखीच्या मेकॅनिक काकांसमोर बसून करा.

व्हेरिएटरचा नट सोडवताना पुली धरायला योग्य होल्डर वापरा. पंख्याच्या पात्यांत स्क्रूड्रायव्हर अडकवला तर पाती तुटतात. मागच्या क्लचचा मोठा नट काढताना आत दाबलेली स्प्रिंग आहे हे विसरू नका, ती तोंडावर येते.

परत बसवताना पट्टा मागच्या पुलीत खोल दाबा, म्हणजे तो पुढे सैल पडेल. तसं केलं नाही तर नट पट्ट्यावरच आवळला जातो, तबकडी नीट बसत नाही आणि काही दिवसांत क्रँकशाफ्टचे दाते खराब होतात. नट टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्यालाच आवळा. पट्ट्यावर बाण असेल तर त्याची दिशा पाहा. बऱ्याच गाड्यांत रोलर कोरडेच चालतात, तेव्हा मॅन्युअल सांगत नसेल तर ग्रीस लावू नका. आणि पुलीच्या उतारावर तेल-ग्रीसचा थेंबही नको. क्लचची काळी धूळ फुंकू नका, तोंडाला रुमाल बांधून ओल्या कापडाने पुसा. कव्हरला हवा घेण्यासाठी फोमची जाळी असेल तर ती साफ करा, कारण तापलेला पट्टा लवकर मरतो.

शेवटी एवढंच

पुढच्या वेळी कोणी "दोन्ही वाढवून देतो" म्हणाला तर त्याला तीन गोष्टी विचारा. पट्टा किती मिलिमीटर राहिलाय? रोलर गोल आहेत का? क्लचचे शू किती उरलेत? याची उत्तरे व्हर्निअर कॅलिपरने मिळतात, आणि तो आपल्या लॅबमध्ये पहिल्या वर्षापासून हाताळलेला आहे. आधी मापे मूळ जागी आणा. त्यानंतरही पिकअप कमी वाटला, तर रोलरच्या वजनाशी खेळा. तेव्हा मात्र एका हाताने घ्याल ते दुसऱ्या हाताने पेट्रोल पंपावर द्यावे लागेल!